आईच्या खोलीतलं लेथ

लोखंड कातायचं यंत्र विकत घ्यायला बाई गेली, की तिला पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. "मिस्टर नाही आले?"

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, आतल्या गल्लीतल्या एका शेडच्या मालकानं मला हे विचारलं. मग त्यानं माझ्या पाठीमागे पाहिलं. मग रिक्षात वाकून पाहिलं. मिस्टर रिक्षातही नव्हते. ते कुठेच नाहीत, मी लग्नच केलेलं नाही, हे सांगून टाकायला काही हरकत नव्हती. पण समोर इतका तयार प्रेक्षक असताना मला खरं बोलणं जमत नाही. मी म्हटलं, "ते घरी आहेत. त्यांना मशीनमधलं काही कळत नाही."

मालकानं गंभीरपणे मान हलवली. "असतं काही काही जणांचं."

बिचाऱ्याला काय ठाऊक, की मशीनमधलं मलाही काही कळत नव्हतं. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा घट्ट पकडून तो गरागरा फिरवणारं यंत्र. फिरणाऱ्या तुकड्याला धारदार हत्यार लावलं, की लोखंडाची साल बटाट्याच्या सालीसारखी निघत जाते आणि तुकडा हवा तसा गोल होतो. एवढं एक वाक्य मला येत होतं, तेही मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून. आमच्या घराण्यात कारखान्याची पायरी कोणी चढलेलं नाही. वडील मनमाडला रेल्वेत होते, पण तिकडेही खिडकीमागे बसून शिक्के मारायचे. मी विमा कंपनीच्या ऑफिसात बसते. हातात हातोडी घेतल्याचा माझा एकमेव अनुभव हौशी रंगभूमीवरचा, आणि ती हातोडी थर्माकोलची होती.

मालकानं ताडपत्री ओढली. खाली ते होतं. साडेचार फुटी, बटाल्याच्या लेथ-कारखान्यातून कधीतरी आलेलं, अंगावर तेलामातीचा इतका जाड थर, की मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये. त्याच्या मागे नवी, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं काचेच्या कपाटासारखी उभी होती. "हे आता कोणी वापरत नाही. भंगारवाला उद्या येणार होता," मालक म्हणाला.

"मग मी आज आले ते बरं झालं," मी म्हटलं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, इतकं धडधडीत शूर वाक्य मी रंगमंचावरसुद्धा म्हटलेलं नाही.

आता हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही शेडमालकासारखे माझ्या पाठीमागे कोणाला तरी शोधत बसाल.

माझी आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. आमचं घर बैठं, सिडकोतलं. रस्त्याकडच्या खोलीत भाड्यानं आणलेला दवाखान्याचा लोखंडी पलंग, त्यावर ती. मी ऑफिसातून आले, की चप्पल काढायच्या आधी त्या खोलीच्या दारात उभी राहायचे आणि त्या दिवसाचा खेळ सुरू व्हायचा. साहेब चालतात कसे, म्हशीचा विमा काढायला आलेल्या गृहस्थानं म्हशीऐवजी बायकोचा फोटो कसा जोडला, लिफ्टमध्ये अडकलेले दोन हाडवैरी कसे एका डब्यातून जेवले. सगळे आवाज मीच काढायचे. आई इतकी हसायची, की पलंग कुरकुरायचा. "पुरे गं, पोट दुखलं," म्हणायची, आणि मी थांबले, की विचारायची, "मग पुढे?"

ती गेली. पलंग दुकानदार येऊन घेऊन गेला. फरशीवर चार पायांचे चार डाग राहिले. मी परत कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी डब्यातून कुत्र्याची बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि "छान आहेत, साखर कमी आहे" असं म्हटलं. काय सांगू, सोन्यासारखा प्रसंग. मी रिक्षात बसून तो घोळवत, हातवारे ठरवत घरी आले, दारात उभी राहिले, तोंड उघडलं. आणि समोर चार डाग.

मी ती गोष्ट तरीही सांगितली. खोलीला. खोली काही हसली नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो फार समंजस माणूस आहे, हीच त्याची अडचण. दर रविवारी त्याचा फोन. "ताई, तू एकटी कशाला राहतेस तिथे? घर विकून टाकू. आमच्याच सोसायटीत एक बेडरूमचा फ्लॅट निघतोय. तू इकडे ये." घर दोघांच्या नावावर. त्याला पैशाची निकड नव्हती, खरंच माझी काळजी होती. त्याच्या प्रत्येक मुद्द्याला बूड होतं आणि माझ्याकडे एकच मुद्दा होता, तोही बिनबुडाचा: मला इथेच राहायचंय. का, ते सांगता येत नव्हतं. या खोलीत माझी निम्मी वाक्यं अजून भिंतींना चिकटलेली होती, हे काही फोनवर म्हणण्यासारखं कारण नव्हे.

त्या दिवसांत मी संध्याकाळी व्हिडिओ पाहायचे. कुठल्या तरी देशातला एक दाढीवाला माणूस जुनं लेथ दुरुस्त करत होता. एक शब्द बोलायचा नाही. फक्त तो संथ घुमणारा आवाज आणि लोखंडाची साल. मला तो आवाज आवडला. घरात असा आवाज हवा, असं वाटलं. आणि दुसरं जे वाटलं तेही सांगून टाकते, कारण ते जास्त खरं आहे. माणसाला उचलून पुण्याला नेणं सोपं असतं. एक बॅग भरली, झालं. पण पाच-सहाशे किलो ओतीव लोखंड घेऊन बसलेल्या बाईला कोण हलवणार?

तर अशी ती खरेदी. नांगर टाकावा तशी.

ते घरी आलं त्या दिवशी आमच्या गल्लीनं टीव्ही बंद ठेवले. कुंभाच्या तयारीसाठी निम्मे रस्ते खोदलेले, त्यामुळे टेम्पो कुठून कुठून फिरून आला आणि त्याच्यामागे क्रेन. क्रेनवाला निफाडकडचा, तरुण आणि शंकेखोर.

"ताई, हे घरात ठेवायचं?"

"हो."

"घरात म्हंजी... घरात?"

"त्या खिडकीच्या आत. गज काढून ठेवलेत."

त्यानं खिडकी पाहिली, मशीन पाहिलं, मला पाहिलं. "पिठाची गिरणी हाय का?"

"नाही, शोभेचं आहे."

"लय जड हाय शोभेला," तो म्हणाला आणि साखळी बांधू लागला.

समोरचे काका गच्चीतून ओरडून सूचना देत होते. "अहो, डावीकडे! फरशी खचेल! इंजिनिअरला विचारलंत का?" काकू फाटकाशी येऊन हळूच म्हणाल्या, "काय गं आणलंस एवढं?"

"मिक्सर," मी म्हटलं.

"बाई बाई! आणि जार कुठंय?"

लेथ खिडकीतून आत गेलं, लोखंडी पाइपांवरून ढकलत ढकलत बरोबर त्या चार डागांवर बसलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी वाकून अभिवादन केलं. मग सगळे आपापल्या घरी गेले, क्रेनवाला गेला, आणि मी आणि ते, दोघंच उरलो. मी म्हटलं, "बोला." ते काही बोललं नाही.

रविवारी भावाला सांगितलं.

"ताई, थोडक्यात सांग. काय घेतलंस?"

"लेथ. आईच्या खोलीत ठेवलंय."

"चालतं का ते?"

"चालेल."

"कोण चालवणार?"

"मी."

तो म्हणाला, "बरं, असं करू. दसऱ्याला मी येतो. तोवर ते सुरू झालं, तू त्याच्यावर काहीतरी करून दाखवलंस, तर घराचा विषय मी पुन्हा कधी काढणार नाही. नाही झालं, तर ते भंगारात आणि तू पुण्याला. मंजूर?"

माझ्यासारख्या बाईशी पैज लावणं म्हणजे मुलाला पतंग दाखवणं. "मंजूर!" मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्यानं नांगराचीच दोरी हातात घेतलीय. आता हे लोखंड फिरलं नाही, तर मी पुण्याला.

मग सुरू झाली रोजची संध्याकाळ. आईचा जुना गाऊन घालायचा, केस फडक्यात बांधायचे, डिझेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन बसायचं. काळा थर निघाला, की करडा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली कुठेतरी आकाशी. मोटर ज्या पट्ट्यानं मशीन फिरवते तो वाळलेल्या चपातीसारखा तडकला होता. भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानात नवा मागितला तर दुकानदार म्हणाला, "वॉशिंग मशीनचा का, ताई?" मी हो म्हटलं. कोणाकोणाला खरं सांगत बसणार.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो मशीनच्या डाव्या डोक्याला. गियर ज्या पेटीत असतात तिच्या माथ्यावर एक लालसर, टणक कवच होतं. गंज समजून मी खरवडायला घेतलं. खरवडता खरवडता सुगंध आला. धूप आणि हळदीचा. ते कुंकू होतं. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा करतात, त्या दिवशी त्याला काम सांगत नाहीत. दर वर्षी कोणीतरी इथे हळदकुंकू वाहिलं होतं, त्यावर तेल उडालं, धूळ बसली, पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा कुंकू. मी सुरी टेकवून बसून राहिले. इतक्या लोकांचे हात याच्या डोक्यावरून फिरले होते आणि आता याच्यापाशी मी एकटी होते. मग खरवडलं सगळं. रंग लावायचा होता.

नवशिकेपणाचे सगळे पराक्रम मी केले. लोखंड जे पकडून धरतं त्याला चक म्हणतात, त्याला तीन जबडे. स्वच्छ करायला मी तिन्ही जबडे काढले आणि परत घातले. ते एकमेकांशी बोलेनात. दोन मध्यावर आले, की तिसरा लांबच, रुसलेल्या जावयासारखा. चार संध्याकाळी मी त्यांची समजूत काढली. पाचव्या संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्यानं पुसताना प्रत्येकाच्या पाठीवर ठोकलेला आकडा दिसला. एक, दोन, तीन. त्याच क्रमानं घालायचे होते. मी इतकी मोठ्यानं हसले, की स्वतःच दचकले. मागे वळून पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं.

ऑफिसात सांगितलं. पहिल्यांदा हसले सगळे. दुसऱ्यांदा निम्मे. तिसऱ्यांदा मी "काल काय झालं माहितीय का," असं म्हटलं, तर शेजारची म्हणाली, "परत लेथ?" त्यानंतर मी नखांतला काळा रंग टेबलाखाली ठेवू लागले. घरी आल्यावर कधी कधी झोपायची वेळ व्हायची आणि लक्षात यायचं, की संध्याकाळपासून मी एक शब्द बोललेली नाही. मी! जिला शाळेत बडबडीसाठी बाकावर उभं करायचे.

आणि मग चक पडला.

मशीनच्या तोंडावरचा तो चक एका लहान मुलाएवढा जड. तो उतरवताना खाली लाकडाची फळी ठेवायची असते, हे व्हिडिओत सांगितलं होतं. पण तो दाढीवाला माणूस बोलत नसल्यानं ते कोपऱ्यात लिहून आलं आणि मी त्या वेळी चहा गाळत होते. शेवटचा आटा सुटला, चक खाली आला आणि माझी दोन बोटं चक आणि मशीनच्या पोलादी रुळांच्या मधे. डाव्या हातानं तो उचलेना. वाकून उभी, हात अडकलेला, रविवारची दुपार.

मी हाक मारली. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी तसं लिहून दिलंय. काकांना हाक मारली, काकूंना मारली, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही मारली. काकांच्या घरी क्रिकेटची मॅच होती. कोणीतरी चौकार मारला आणि माझ्या "अहो, कोणी आहे का?" वर पूर्ण गल्ली ओरडली. इतकी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती. शेवटी गुडघा खाली घालून, खांद्यानं रेटून मी चक इतकासा उचलला आणि बोटं ओढून घेतली. मोडली नव्हती, काळीनिळी झाली होती. ती पाण्यात धरून न्हाणीत बसले तेव्हा रडू आलं, पण बोटांमुळे नाही. भाऊ बरोबर होता. इथे मला काही झालं, तर कळायला दुसरा दिवस उजाडेल.

दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. बाहेरच्या खोलीत बसून जेवले, पुण्याच्या त्या फ्लॅटचे फोटो पाहिले. चांगला होता. हवेशीर. स्वयंपाकघराची खिडकी भावाच्या गॅलरीसमोर. तिसऱ्या दिवशी गेले, फळी ठेवली आणि चक चढवला. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित तो खाली पडलेला बघवेना.

नवरात्रात इलेक्ट्रिशियननं मोटर जोडली आणि बटण दाबलं. पहिल्यांदा ते उलटं फिरलं. तारा बदलल्यावर सुलटं फिरलं, आणि खोलीभर तो आवाज पसरला, जो मी फोनवर ऐकत आले होते. मोठा, संथ, घुमणारा. त्यानं टेबलावरची वाटी थरथरली. मी दारात उभी राहून ऐकलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आता यावर काय करणार?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. तो पहिला परका माणूस, ज्याला मी खरं सांगितलं.

खंडेनवमी आली. इतक्या वर्षांचं कुंकू मीच खरवडून काढलेलं, तेव्हा पूजा थाटात व्हायला हवी होती. हिरव्याकंच नव्या रंगावर स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ आणि गियरच्या पेटीवर तांदळाच्या ढिगात सुपारीचा गणपती. आरती मी एकटीनंच म्हटली, टाळ्याही मीच वाजवल्या. मशीनला दिवसभर सुट्टी. संध्याकाळी काकू डोकावल्या, हात जोडून म्हणाल्या, "मिक्सर छान दिसतोय हं."

दसऱ्याला सकाळी भाऊ आला, एकटाच. बायकोला सुट्टी नव्हती, मुलीचा क्लास होता. त्यानं खोलीच्या दारात उभं राहून पाहिलं, आत येऊन मशीनच्या अंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "रंग छान दिलायस."

मी त्याला आईच्या औषधांच्या स्टुलावर बसवलं. रंगमंच सजलेला, प्रेक्षक एकच, पण तोच परीक्षक. नारळ आणि हार उतरवले. सुपारीला मात्र हात लावला नाही. विसर्जन संध्याकाळी करतात, आणि शुभ कामाला गणपती साक्षीला असलेला बरा. डाव्या अंगाला उघड्यावर फिरणाऱ्या गियरचं झाकण मी रंगाचा दुसरा हात मारून अंगणात वाळत ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. एकीचा दुसरीशी काही संबंध आहे, हे मात्र मनात आलं नाही.

"सादर आहे," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

मशीन घुमू लागलं. भावाच्या भुवया वर गेल्या. पेटी थरथरली, तांदूळ नाचले, गणपती हलले, डुलत डुलत कडेला आले आणि मी हात पुढे करेपर्यंत उतरले थेट गियरच्या दातांत. असा खटका झाला, की खिडकीची काच वाजली. पट्टा किंचाळला. मी बटण बंद केलं. एका गियरचा दात फरशीवरून घरंगळत भावाच्या पायाशी जाऊन थांबला.

त्यानं तो उचलून पाहिला. मग वर पाहिलं. "गणपती?"

"हो."

"गणपतीनं दात पाडला?"

"हो."

तो हसायला लागला. लहानपणी हसायचा तसा, आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी. मीही हसले. हसता हसता आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो. आईनंतर त्या खोलीत कोणी असं हसलं नव्हतं. आणि मग तो डोळे पुसत म्हणाला, "पण ताई, बंद पडलं हे."

हसू तिथेच थांबलं.

मी उठले. इतक्या संध्याकाळी मी त्याच्या पोटात डोकं घालून काढल्या होत्या. मला माहीत होतं, की ते उघडे गियर फक्त हत्यार आपोआप सरकवायला लागतात. मधला एक दांडा ओढला, की ते सुटे होतात. मग मशीन फिरतं, हत्यार हातानं सरकवावं लागतं. मी दांडा ओढला. बटण दाबलं. ते घुमलं.

"म्हणजे अर्धं चालतं," भाऊ म्हणाला.

"चालतं पूर्ण. हातानं चालवावं लागतं, एवढंच."

मी चकात लोखंडी सळईचा तुकडा पकडला, हत्यार टेकवलं आणि चाक हळूहळू फिरवलं. आधी कर्कश कुरकुर झाली, मग आवाज बदलला आणि लोखंडाची साल निघाली, निळसर, वळणावळणाची. खाली पडली तेव्हा वाफाळत होती. काळ्या सळईचा आतला भाग चांदीसारखा उघडा झाला.

भाऊ स्टुलावरून उठून जवळ आला होता. "मी करून बघू?"

मी त्याला चष्मा दिला, बाह्या वर करायला लावल्या. तो माझ्याहून सावकाश चाक फिरवत होता, जीभ दातांत धरून. सळई संपत आली तरी तो थांबेना. शेवटी मीच बटण बंद केलं.

जेवताना तो म्हणाला, "ठरल्याप्रमाणे. घराचा विषय संपला."

मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण तो पुरीचा तुकडा श्रीखंडात नुसताच फिरवत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं, तू येशील. घरात आम्ही तिघं, तिघांचे तीन फोन. जेवताना कोणी बोलत नाही गं. तू समोर राहायला आली असतीस, तर निदान कोणी काही सांगितलं असतं."

त्या क्षणी "येते मी" म्हटलं असतं, तर शोभलं असतं. पडदा पडायला जागा उत्तम होती. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण मी त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढली आणि म्हटलं, "दिवाळीला या सगळे. फोन बाहेर ठेवून." तो हो म्हणाला. आम्हाला दोघांनाही माहीत होतं, की मुलीला दिवाळीत क्लास असतो.

दुपारी तो निघाला. मी फाटकापर्यंत गेले. त्यानं गाडीची काच खाली करून "बोटांना काय लागलंय?" असं विचारलं. काळेपणा अजून पुरता गेला नव्हता. "रंग," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली, पण गाडी लगेच सुरू केली नाही.

संध्याकाळी काका-काकू आपट्याची पानं देऊन गेले, घाईत होते, त्यांच्याकडे पाहुणे आले होते. सुपारीची गोष्ट मी दारातच सांगायला घेतली, पण कुकरची शिट्टी झाली तशा काकू पळाल्या. मी खोलीत आले. मी जिंकले होते. घर राहिलं, लेथ राहिलं, आणि दोघांच्या मधे मी. मोडका गियर बदलायचा तर आधी तो काढायला हवा होता. गाऊन घातला, पाना घेतला, खाली बसले.

फोन वाजला. भाऊ होता. मागे कपबश्यांचा आवाज, कोणीतरी पार्सल मागत होतं.

"नारायणगावला चहाला थांबलोय," तो म्हणाला. "काय करतेस?"

"तुटलेला गियर काढतेय. नट घट्ट बसलाय."

"काढ."

"तुला उशीर होईल."

"होऊ दे. चहा गरम आहे अजून."

मी फोनचा स्पीकर लावून फरशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी पाना धरला. हॉटेलातली गडबड त्या खोलीत येत राहिली. मी जोर लावला. नट हलला नाही. पुन्हा लावला.

"सुटला?" तिकडून आवाज आला.

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं आणखी एक चहा सांगितला.